बायकोच्या खांद्यावर बंदूक

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बंदुकीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदूक-हंगाम सुरू होतो. एकट्या त्या राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं रीतसर परवाना काढून, भडक नारिंगी जाकिटं चढवून जंगलात शिरतात. त्याआधीच्या आठवड्यांत दुकानात एक संवाद हमखास होतो. सहा फूट उंच, दाढीवालं, लाकडं फोडून फोडून हात राकट झालेलं एखादं गिऱ्हाईक काउंटरशी येतं, इकडेतिकडे बघतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, ‘जरा कमी दणक्याची रायफल आहे का हो? बायकोसाठी हवी होती.’ दुकानदार मुरलेला असतो. तो बायकोची उंची विचारत नाही. गिऱ्हाइकाच्याच हाताची लांबी नजरेनं मापतो आणि त्या मापाच्या दस्त्याची रायफल काढून समोर ठेवतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं हे आपल्याकडे राजकारण्यांचं काम. तिथे ते साधी सरळ माणसं करतात, आणि खांदा बहुतेक वेळा बायकोचा असतो. बायको नसेल तर पोराचा, पोरही नसेल तर मेहुण्याचा. माझं म्हणणं असं, की ज्याला दणका सोसत नाही असा नेमबाज ही काही वेगळी जमात नव्हे. ज्याच्या खांद्यात हाडं आहेत तो प्रत्येक जण तिच्यात मोडतो. फरक इतकाच, की काही जण तसं कबूल करून रायफल घेतात आणि त्यांचं हरिण जागेवर पडतं. बाकीचे कबूल करत नाहीत आणि संध्याकाळभर रक्ताचे थेंब शोधत फिरतात.

या विषयाशी आपला संबंध काय, असं कुणी विचारेल. काहीच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा शिकारीचा प्रश्न निकालात काढला आहे. म्हणूनच मराठी माणूस यावर अगदी निःपक्षपातीपणे बोलू शकतो, आणि ज्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही तिच्यावर ठाम मत देणं आपल्याला तसं नवीनही नाही. न्यू जर्सीत बंगले बांधून राहिलेल्या आपल्या मंडळींचा थोडा संबंध येतो, कारण परसातले गुलाब आणि टोमॅटोची रोपं रातोरात फस्त करणारी हरणं ती हीच. मुळात हरणं मारावीतच कशाला, हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज त्यांची संख्या ३ कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे, आणि पूर्वेकडच्या बहुतेक भागांत त्यांना खाणारे लांडगे उरलेले नाहीत. १९३७च्या कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या व्यवस्थेवरच खर्च होतो. थोडक्यात, नेम चुकला तरी पुण्य लागतं. पण अर्धवट लागलेल्या गोळीत ना पुण्य, ना मांस. त्यामुळे कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची रायफल घ्यावी, या वादात प्राण्याचा कळवळा असणाऱ्यानं तर सगळ्यात आधी लक्ष घालायला हवं.

आता दणक्याचा हिशेब. तो न्यूटननं मांडून ठेवला आहे आणि त्यात मर्दानगीचा रकाना नाही. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू जेवढ्या जोरानं पुढे जातात, तेवढ्याच जोरानं रायफल मागे येते, आणि मागे नेमका आपला खांदा असतो. आठ पौंडांची, म्हणजे साडेतीन किलोंच्या थोडी वरची रायफल धरली तर .२४३ विंचेस्टरचा दणका सुमारे ९ फूट-पौंडांचा. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांचा १२-१३, .२७० आणि .३०८ यांचा १७-१८, अमेरिकेचं लाडकं .३०-०६ वीसच्या आसपास, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम पंचविशीच्या पुढे. पंधराच्या वर गेलं की बहुतेकांना ते नकोसं होऊ लागतं, हा जाणकारांचा जुना ठोकताळा. गंमत म्हणजे मॅग्नमच्या दणक्यात साधारण एक तृतीयांश वाटा नुसत्या जळालेल्या दारूच्या वायूचा असतो. हा वायू हरणापर्यंत पोचत नाही, त्याला त्याची झळही लागत नाही. त्याचा सगळा खर्च खांद्याच्या खात्यात पडतो. मॅग्नमवाल्यांना आणखी एक मानाची खूण मिळते. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा फार जवळ लावला तर दणक्यासरशी तिची गोल कड भुवईच्या वर आपटते आणि अर्धचंद्राची एक कोरीव जखम उमटते. दुसऱ्या दिवशी गावात ती जखम बघून कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. सगळ्यांना कॅलिबर कळलेलं असतं.

पण खरा घोटाळा दुखण्याचा नाहीच. काडतूस पेटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो. खांद्याला धक्का नीट जाणवेपर्यंत ती आपल्या वाटेला लागलेली असते. मग दणक्यानं नेम बिघडतो कसा? बिघडतो तो बार उडायच्या आधी. सुई टोचायच्या आतच पोर भोकाड पसरतं, तसं शरीर येणाऱ्या धक्क्याला आधीच उत्तर देऊन बसतं. डोळे मिटतात, खांदा पुढे जातो, बोट चाप दाबण्याऐवजी त्याला हिसका देतं, आणि गोळी सुटते तेव्हा नळी दुसरीकडेच बघत असते. हे सिद्ध करायची पद्धत साधी आणि निर्दय आहे. प्रशिक्षक नेमबाजाला न दाखवता रायफल भरून देतो, कधी खऱ्या काडतुसानं, कधी खोट्या. खोट्याची पाळी आली की नुसतं ‘टक्’ होतं, बार उडत नाही, आणि तरीही नळीचं तोंड टुणकन खाली जातं. सगळ्यांच्या देखत. ‘मला दणक्याचं काही वाटत नाही हो’ असं पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं असेल, तर त्यानंतर पाणी प्यायला बाजूला जाणं सोयीचं पडतं. ही खोड दुखण्यातून लागते, पण दुखणं थांबलं म्हणून जात नाही. एका दुपारी मॅग्नमच्या वीस गोळ्या झाडून लागलेली खोड घालवायला पुढचा अख्खा हंगाम जाऊ शकतो.

आता हरणाची बाजू ऐकू. पांढऱ्या शेपटीचं हरिण काही चिलखत घालून हिंडत नाही. उत्तरेकडचा चांगला धिप्पाड नर शंभर किलोंच्या आसपास भरतो. त्याच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून आठ-दहा इंचांचं एक क्षेत्र असतं. पूर्वेकडच्या जंगलांत गोळी झाडायचं अंतर बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच असतं. या अंतरावरून त्या क्षेत्रात नीट उमलणारी गोळी गेली की हरणाची इहलोकीची यात्रा संपते, मग ती गोळी कुठल्या डब्यातून आली यानं फरक पडत नाही. दक्षिण कॅरोलायनात एका शिकारी क्लबातल्या जवळजवळ ५०० हरणांची नोंद ठेवून हे तपासलं गेलं. गोळी लागल्यावर हरिण किती धावलं, ती कुठे लागली, कॅलिबर कोणतं, असं सगळं टिपलं. लहान-मोठ्या कॅलिबरांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक पडला तो गोळी कुठे लागली यानं. कोलोरॅडो राज्याचा नियमही याच अंगानं जातो. गोळीची जाडी किमान .२४ इंच, हरणासाठी वजन किमान ७० ग्रेन, आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. .२४३ ही परीक्षा विशेष श्रेणीत पास होतं. म्हणजे सरकारला आणि हरणाला जे पुरतं, ते पुरत नाही फक्त शेजाऱ्याला.

मग .३० कॅलिबरचं एवढं माहात्म्य आलं कुठून? त्याच्या मुळाशी हरिण नसून लष्कराचं कोठार आहे. नवी रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी हे ठरवण्यासाठी अमेरिकी लष्करानं १९२८ साली एक मंडळ नेमलं. त्यांनी डुकरांना भूल दिली आणि त्यांच्यावर .२५६, .२७६ आणि .३० अशा तीन कॅलिबरांच्या गोळ्या झाडून जखमा तपासल्या. त्यावरून त्या मंडळाला इतिहासात ‘पिग बोर्ड’ असं नाव पडलं. सरकारी समितीला असं नाव मिळण्याची ही बहुधा एकमेव वेळ असावी, निदान अधिकृतपणे. निष्कर्ष असा निघाला की चारशे यार्डांपर्यंत सर्वांत घातक ठरली ती सर्वांत बारीक गोळी. तज्ज्ञांचा विश्वास बसेना, म्हणून १९३० साली बकऱ्यांवरही प्रयोग झाला. अखेर .२७६ वर एकमत होत आलं, तोच १९३२ साली लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते मोडीत काढलं. कोठारांत .३०च्या काडतुसांच्या राशी पडून होत्या आणि मंदीचे दिवस होते. लष्करासाठी गॅरँड या अभिकल्पकानं आखलेली ती नवी रायफल .३०-०६ साठी पुन्हा बेतली गेली. लाखो तरुण ती खांद्याला लावून दुसरं महायुद्ध लढून आले, आणि घरी परतल्यावर हरणांसाठीही त्यांनी तेच काडतूस घेतलं, कारण हाताला तेच सवयीचं झालं होतं. बापानं वापरलं म्हणून पोरानं वापरलं. एका देशाच्या खांद्याचं माप अशा रीतीनं शिल्लक मालावरून ठरलं. याला परंपरा म्हणायला माझी हरकत नाही, फक्त पुरावा म्हणू नये.

लेखकांनीही या आगीत भरपूर दारू ओतली. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात बंदुकांवर लिहिणारे जॅक ओकॉनर यांनी १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरची भलामण करण्यात हयात घालवली. एल्मर कीथ यांना हलक्या गोळ्यांचा तिटकारा होता आणि .२७० त्यांच्या लेखी मोठ्या जनावराच्या कामाचं नव्हतं. दोघं एकाच आयडाहो राज्यात राहून वर्षानुवर्षं एकमेकांवर कागदी गोळीबार करत राहिले, आणि देशभरचे वाचक दोन तटांत विभागले गेले. या धामधुमीत ओकॉनर यांच्या पत्नी एलेनर काय वापरत होत्या, तर ७x५७ माउझर. हे काडतूस १८९०च्या दशकातलं, मवाळ दणक्याचं. ते घेऊन त्या आफ्रिकेपर्यंत जाऊन आल्या, आणि कमी गोळ्यांत काम उरकणारी म्हणून त्यांची ख्याती झाली. म्हणजे काउंटरवरचा तो दाढीवाला ‘बायकोसाठी’ म्हणतो तेव्हा नकळत उत्तम शिफारस करत असतो. हेच काडतूस इंग्लंडात .२७५ रिग्बी या नावानं विकलं गेलं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रायफल याच जातीची. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेलनं अशाच ७ मिलिमीटरच्या गोळीनं शेकडो हत्ती लोळवले. त्याचं इंगित असं, की त्यानं हत्तीची कवटी करवतीनं उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते बघून ठेवलं होतं. हत्ती मारणं शौर्याचं होतं असं मी म्हणत नाही, आज तर मुळीच नाही. पण सहा टनांच्या जनावराला जे पुरलं ते शंभर किलोंच्या हरणाला कमी पडेल, अशी काळजी करणाऱ्यानं आपली झोप विनाकारण उडवू नये.

विरोधकांचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं, की मोठी गोळी चूक पोटात घालते. नेम थोडा हुकला तरी निभावतं, म्हणून सावध माणसानं जादा ताकद हाताशी ठेवावी. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण पोटात लागलेली .३००ची गोळी ही पोटातच लागलेली असते, आणि ते हरिण मैलभर जाऊ शकतं. शिवाय ज्या चुकीपासून वाचायला जादा ताकद घ्यायची, ती चूकच त्या ताकदीच्या धास्तीनं होते. एवढं मात्र मान्य करायला हवं, की .२४३ हे नवशिक्याचं काडतूस म्हणून खपवलं जातं आणि प्रत्यक्षात ते शिस्त मागतं. त्यात उंदीर-घुशींसाठी केलेल्या ठिसूळ गोळ्याही मिळतात, त्या हरणाच्या खांद्यावरच फुटतात. त्यात हरणासाठीच बनवलेली ९०-१०० ग्रेनची गोळी घालावी लागते. हरिण पाठमोरं किंवा फार तिरकं उभं असेल तर चाप न ओढता वाट बघावी लागते. दुसरा आक्षेप असा, की शिकारीच्या भरात दणका जाणवतच नाही. अगदी खरं. हरणावर बार टाकल्यावर खांदा दुखला अशी तक्रार कुणी करत नाही. पण डोळे मिटायची सवय सरावाच्या मैदानावर लागलेली असते, आणि ती सोबत जंगलात येते. झुडपातून मोठी गोळी सरळ जाते, हा तिसरा मुद्दा. डहाळीला घासून कुठलीही गोळी वाकडी होते, त्यावर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. चौथा आक्षेप मोठ्यानं कुणी मांडत नाही. तो दुकानात आवाज खाली आणण्यात दिसतो.

कॅलिबर न बदलता दणका घटवायचे मार्गही आहेत, आणि प्रत्येकाची किंमत कुणीतरी मोजतं. नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवला तर वायू बाजूला फेकला जातो, खांदा सुटतो, पण आवाज शेजारी बसलेल्याच्या कानात जातो. रायफलीचा बार मुळातच १६० डेसिबलांच्या आसपास, आणि १४० च्या पुढचा अचानक आवाज कान कायमचा बिघडवू शकतो. आपल्या खांद्यासाठी दुसऱ्याचे कान वापरणं हीसुद्धा त्याच जुन्या म्हणीची एक आवृत्ती झाली. दस्त्याला मऊ रबरी पॅड लावणं आणि दस्ता आपल्या मापाचा कापून घेणं, हे स्वस्त आणि खरोखर उपयोगी. कमी दारूची सौम्य काडतुसंही मिळतात. आणि वजन. रायफलीचं वजन दुप्पट केलं की दणका निम्मा होतो, इतका सोपा सौदा जगात दुसरीकडे मिळत नाही. पण इथेच कंपन्यांनी मोठी गंमत करून ठेवली आहे. बायकांसाठी आणि मुलांसाठी म्हणून ज्या सुबक, आखूड रायफली विकतात, त्या हलक्या असतात. सहा पौंडांच्या रायफलीतून .२४३ झाडलं की ९ चा दणका १२ वर जातो. म्हणजे ज्याला दणका नको, त्यालाच तो भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून द्यायचा. बाप मात्र नऊ पौंडांची रायफल मांडीवर घेऊन आरामात बसतो. याहून वाईट दशा होती ती ओहायोसारख्या राज्यांत, जिथे हरणांसाठी रायफलची काडतुसं, मग ती बाटलीच्या गळ्यासारखी निमुळती असोत की सरळ, चालत नसत. तिथे नवशिक्याच्या हातात बारा बोअरची बंदूक द्यायचे, आणि तिच्यातली एकच जाड गोळी (स्लग) दणक्यात .३०-०६ लाही मागे टाकते. २०१४ साली ओहायोनं सरळ पुंगळीच्या काडतुसांना परवानगी दिली, २०१९ साली विंचेस्टरनं त्याच गरजेसाठी .३५० लेजंड आणलं, आणि तिथल्या कित्येक खांद्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

निवड करायचीच तर माझं मत ७ एमएम-०८ ला. १९८० साली रेमिंग्टननं .३०८ ची पुंगळी घेऊन तिचं तोंड आवळलं आणि हे काडतूस बाजारात आणलं. काम जवळजवळ एलेनरबाईंच्या माउझरचंच, फक्त आखूड अंगरख्यात. हरणाला ते पुरून उरतं, आणि पुढेमागे कोलोरॅडोत एल्कच्या मागे जायची हुक्की आली तरी दुसरी रायफल घ्यावी लागत नाही. ६.५ क्रीडमूर घेणाऱ्याशी मी भांडणार नाही. त्याची चेष्टा होते ती ते फार लोकप्रिय झालं म्हणून. स्वीडनमध्ये याच जाडीच्या गोळीनं शंभरहून अधिक वर्षं मूस मारले जात आहेत, आणि मूस हरणाच्या तिप्पट-चौपट असतो. अगदी किरकोळ अंगाच्या माणसाला .२४३ द्यावं, पण रायफल जड घ्यावी. एक अडचण खरी आहे. आडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे, रंग आणि .३०-०६ मिळतं, ७ एमएम-०८ मिळेलच असं नाही. तेव्हा हंगामाआधी चार डबे घरात आणून ठेवावेत. आणि त्यांच्या बरोबरीनं .२२ रिमफायरच्या पाचशे गोळ्यांचा ठोकळा घ्यावा. .२२ ला दणका जवळजवळ नसतोच, खर्च त्या मानानं किरकोळ, आणि डोळे उघडे ठेवून चाप दाबायला हात त्याच्यावरच शिकतो. गिऱ्हाईक तासभर कॅलिबरवर वाद घालतं आणि हा ठोकळा न घेता निघून जातं. दुकानदारही आठवण करून देत नाही. पाचशे गोळ्या विकून त्याला जेवढं सुटतं, त्याहून कितीतरी जास्त पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक आणखी मोठी रायफल घ्यायला आलं की सुटतं.